एकाच नंबरचे दोन पट्टे

३ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार.

तो पोचला हे कळवायची तसदी घेऊ नका. पत्र रजिस्टर करून पाठवलं आहे, तुम्ही सही केलीत की मला घरबसल्या दिसेल. फोन तुम्ही उचलत नाही, मेसेज वाचून सोडून देता, म्हणून हा कागदाचा खटाटोप. ‘ताई’ लिहिणार होते. पण सासूबाईंनी नणंदेला वन्सं म्हणायला शिकवलं, आणि आत्ता मला तेवढं अंतर बरं वाटतंय.

गेल्या सहा महिन्यांत आपल्या कारखान्याचे चार सुरक्षापट्टे तुमच्या बंदरावर स्कॅन झाले. या चारांपैकी एकही मी तुमच्या गावात विकलेला नाही. पुढे ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायला जागा राहू नये म्हणून सगळं पुन्हा लिहिते. रंगारी किंवा काचा पुसणारा ज्या पट्ट्यावर लटकतो, तो आपला प्रत्येक पट्टा आता स्वतःची ओळख घेऊन बाहेर पडतो. पाठीच्या गादीत नखाएवढी चिप असते. तिच्यावर फोन धरला की त्या नंबरचं पान उघडतं. कधी शिवला, कोणी शिवला, कोणाला विकला, शेवटची तपासणी कधी झाली, सगळं त्यावर असतं. ज्या कंपनीने घेतला तिनेच वापरायचा, दुसऱ्याला विकायचा नाही. पाच वर्षांनी तो आपल्याकडे परत येतो, त्याचे तीन तुकडे होतात आणि पान बंद होतं.

हे मी हौसेखातर केलेलं नाही. आपलं लेबल लावलेल्या नकली पट्ट्यावरून तो रंगारी पडला, तेव्हा ‘हा आमचा नव्हे’ हे सिद्ध करायला आपल्याकडे काही नव्हतं. मामंजी दोन वर्षं कोर्टाच्या बाकावर बसले. निर्दोष ठरले ते गेल्यानंतर चार महिन्यांनी. त्या दिवशी मी ठरवलं की या घराचा एकही पट्टा बिननोंदीचा फिरणार नाही.

चारांपैकी एक पट्टा मी माणूस पाठवून तुमच्या दुकानातून विकत आणवला. जोडावरचे बारा हातटाके तुमचे आहेत. ते मी डोळे मिटून ओळखेन, कारण लग्न होऊन आल्यावर तेच टाके तुम्ही मला सात वेळा उसवायला लावले होते. तेव्हा एक तर तुम्ही चोरीचे पट्टे दुरुस्त करून विकता, नाही तर सरळ नकली शिवता. दोन्हींपैकी काय ते कळवा, आणि महिन्याभरात बंद करा.

ह्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. शिवण सांभाळून चिपा बसवायचं कामही तेच बघतात, आणि त्या गडबडीत वर्षभरात सात चिपा फोडल्या. प्रत्येक वेळी त्याच नंबरची दुसरी मला लिहून द्यावी लागली. त्यांच्या डोक्याला आणखी ताप नको.

तुमची वहिनी

१४ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र मिळालं. सही मी केलेली नाही. मी दुकानात नव्हते, समोरच्या चावीवाल्याने केली. तेव्हा तुला घरबसल्या जे दिसलं ते खोटं आहे. सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण तुझा सगळा कारभार असाच चालतो.

टाके माझे आहेत. नाकारू कशाला? बाबांनी मला ते शिकवले तेव्हा तू फ्रॉकमध्ये होतीस. मशीनची शिवण कुठे घासून सुटली तरी मेणाच्या दोऱ्याचे हे बारा टाके माणसाला धरून ठेवतात, एवढं मी तुला समजावून सांगितलं होतं. तू सात वेळा चुकलीस, त्यात माझा काय दोष? नाचता येईना, अंगण वाकडं.

पट्टे चोरीचे नाहीत. ज्याचे होते त्याने आपल्या हाताने मला दिले. याहून जास्त सांगायला मी बांधील नाही. बंदरावरचे लोक माझ्याकडे येतात, कारण मी पट्टा आधी अंगठ्याने चाचपते आणि मग छताच्या आकड्याला टांगून त्याला शंभर किलोची वाळूची गोणी लावते. तू काचेच्या खोलीत बसून फोन बघतेस. उंटावरून शेळ्या हाकायला अक्कल लागत नाही.

आणि ओळखीच्या गोष्टी तू मला सांगू नकोस. एकोणीस वर्षं मी त्या कारखान्यात शिवलं. तू पानं तयार केलीस तेव्हा माझ्या शेकडो पट्ट्यांवर ‘कोणी शिवला’ या रकान्यात काय लिहिलंस? ‘कारखाना’. शिलाई मशीन कुठल्या बनावटीचं ते लिहिलंस, त्याला तेल कधी घातलं ते लिहिलंस, माझं नाव लिहायला तुझी बोटं झिजली असती. मी तिथून निघाले ती त्याच दिवशी. दुरुस्तीच्या परवान्याचा तुझा फॉर्म आला होता, तो मी दोऱ्याची रिळं गुंडाळायला वापरला. बापाच्या पट्ट्याला हात लावायला मी त्याच्या सुनेची परवानगी मागणार नाही.

हो, आणखी एक. गेल्या आठवड्यात एक टॉवरवाला तुमच्याकडून रीतसर घेतलेला पट्टा दुरुस्तीला घेऊन आला. पान उघडून बघितलं. ऑक्टोबरमध्ये शिवलेला, आणि शिवणाऱ्याच्या रकान्यात तुझ्या नवऱ्याचं लांबलचक नाव. आमच्यासाठी तो डावऱ्याच, सगळं डाव्या हाताने करतो म्हणून आईनेच पाडलेलं नाव. तर डावऱ्याचे म्हणून लिहिलेले ते टाके मी नीट बघितले. काय वाटलं ते योग्य वेळी लिहीन.

ताई (तू वन्सं म्हण, नाही तर आणखी काही म्हण)

१ मार्च

वन्सं,

या वेळी नमस्कार लिहीत नाही.

तुमच्याकडून आणवलेला पट्टा नोंदीप्रमाणे ज्या कंपनीकडे असायला हवा, तिच्याकडे काल मी स्वतः गेले. उंच इमारतींच्या काचा धुणारी कंपनी. त्यांच्या मुकादमाने खुंटीवरून पट्टा काढून माझ्या हातात दिला. तोच नंबर, तेच पान. पिशवीत तुमचा, हातात त्यांचा. दोन्हींवर फोन धरला, आणि फोन दोन्ही वेळा म्हणाला, ‘अस्सल’. मुकादम माझ्या तोंडाकडे बघत होता. इतकी लाज मला आजवर कधी वाटली नाही.

परत येऊन बाकीचे नंबर तपासले. त्यातला एक २३ जानेवारीला सकाळी नऊला इथे स्कॅन झालाय आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी तुमच्या बंदरावर, क्रेनखाली. दोन गावांमध्ये आख्ख्या रात्रीचा प्रवास आहे.

यातलं गांभीर्य तुम्हाला कळतं की नाही मला शंका आहे, म्हणून सोपं करून लिहिते. पान म्हणतं, २० जानेवारीला तपासणी झाली, पट्टा ठीक आहे. ती तपासणी इथल्या पट्ट्याची. तुमच्या क्रेनवरच्या माणसाने तेच पान वाचलं आणि तो वर चढला. त्याच्या अंगावरचा पट्टा कोणीही तपासलेला नाही. उद्या तो पडला तर मामंजींच्या जागी कोर्टाच्या बाकावर तुमचा भाऊ बसेल, आणि या वेळी आपलंच पान आपल्या विरुद्ध साक्ष देईल. मी तो नंबर बंद करायला जावं, तर इथला चांगला पट्टाही त्याबरोबर बंद पडतो.

आठ दिवसांत सगळे पट्टे खाली उतरवून माझ्याकडे पाठवा. नाही तर वकिलाची नोटीस येईल. रकान्यात नाव नसल्याचं तुम्हाला दुःख आहे ना? नकली पट्टे शिवणारी म्हणून ते पहिल्यांदा नोंदीत लागेल.

वहिनी

९ मार्च

वहिनी,

तुझं पत्र वाचून मी अर्धा दिवस दुकान बंद ठेवलं. घाबरून नाही. गिऱ्हाइकांवर राग निघाला असता म्हणून.

दोन पट्ट्यांना एकच नंबर आहे हे मला तुझ्याकडूनच कळलं. तसं असेल तर वाईट आहे, ते मी बघून घेईन. पण ‘कोणी तपासलेला नाही’ असं पुन्हा लिहू नकोस. माझ्या हातून गेलेला प्रत्येक पट्टा गोणी लावून तीन वेळा सोडलेला आहे. तुमच्या तपासणीत नुसती टिक मारतात.

आता ऑक्टोबरच्या पट्ट्याचं. योग्य वेळ आली. उजव्या हाताच्या माणसाचा टाका उजवीकडे झुकतो, डावखुऱ्याचा डावीकडे. डावऱ्या पहिल्यांदा शिवायला बसला तेव्हा बाबा हसले होते. सगळ्यांच्या उलट्या दिशेने वारा आलाय म्हणाले होते. त्या टॉवरवाल्याच्या पट्ट्यावरचे बाराही टाके उजवीकडे झुकलेत. सातवा ढिला आहे, दहाव्याला दोऱ्याचा पीळ सुटलाय. पानावर नाव माझ्या भावाचं आणि हात भलत्याचाच. कोणाला बसवलंयस तिथे? अर्धंमुर्धं शिकलेलं कोणीतरी धरायचं, त्याच्या कामावर माझ्या भावाचं नाव चिकटवायचं आणि मला नकली म्हणायचं. चोराच्या उलट्या बोंबा. तुझ्या अस्सल पट्ट्यावर डावऱ्याचा हात नाही, आणि ज्याला तू नकली म्हणतेस त्याच्यावर

पुढचं लिहीत नाही. ते पट्टे कोणी दिले ते माझ्या तोंडून निघणार नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी तुझी गत आहे, एवढंच सांगते. विचारायचंच असेल तर घरात विचार.

नोटीस खुशाल पाठव. हा ऑक्टोबरचा पट्टा घेऊन मी तुझ्या वकिलासमोर उभी राहीन आणि टाके मोजून दाखवीन.

ताई

२८ मार्च

वन्सं,

घरात विचारलं.

दुपारी जेवणं झाल्यावर चारही नंबर कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी वाचले, हात टेबलाखाली घेतले आणि खिडकीकडे बघत राहिले. मग मी घर शोधलं. त्यांच्या दाढीच्या सामानाच्या डब्यात वाकडी सुई, मेणाचा गोळा आणि मामंजींचं चामड्याचं अंगुस्तान निघालं.

सात चिपा फुटल्याच नव्हत्या. धडधाकट चिपेला फुटकी म्हणायचं, माझ्याकडून त्याच नंबरची दुसरी लिहून घ्यायची. मग एक कारखान्याच्या पट्ट्यात जाणार आणि दुसरी स्वतः गुपचूप शिवलेल्या पट्ट्यात. नंबराशिवाय कुठलाही मुकादम माणसाला वर चढू देत नाही हे त्यांना माहीत आहे. ज्या नोंदी मी जिवापाड जपल्या, त्यांना भोक पाडायचं हत्यार मीच सात वेळा त्यांच्या हातात दिलं. वर ‘जरा जपून काम करा’ म्हणून बोलले.

तेव्हा हे सगळं तुमच्यासाठी चाललं होतं. हिस्सा हवा होता तर समोर येऊन मागायचा होता. मी देऊ नका म्हटलं असतं, भांडण झालं असतं, पण ते उजेडात झालं असतं. बहीणभावांनी मिळून मला मूर्खात काढलंत. मामंजी ज्याच्यापायी गेले तीच गोष्ट आपल्या घरातून बाहेर पाठवलीत. नकली माल बाहेरचे लोक करतात, असं मी पाच वर्षं सगळ्यांना छाती ठोकून सांगत आले.

त्यांच्याशी मी चार दिवस बोललेले नाही. तुमच्याशी बोलण्यासारखं काही राहिलेलं नाही. पट्टे कापून पाठवा, प्रत्येकाचे तीन तुकडे, आणि चिपा वेगळ्या. ऑक्टोबरच्या पट्ट्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

वहिनी

८ एप्रिल

वहिनी,

या पत्राबरोबर पार्सल येईल. एक पट्टा तुझ्याकडेच आहे, तो तू काप. बाकी पाच पट्ट्यांचे पंधरा तुकडे आणि पाच चिपा आत आहेत. क्रेनवरच्या माणसाला खाली बोलावलं आणि त्याच्या अंगावरचा काढून घेतला. तो म्हणाला, बाई, सगळ्यांत चांगला हाच होता. पानाबद्दल तू बरोबर होतीस. वर चढणाऱ्या माणसाने खोटं पान वाचायला नको. हे लिहिताना मला त्रास होतोय, तेव्हा पुन्हा लिहिणार नाही.

पण हिस्सा वगैरे काही नव्हतं. तुला सगळीकडे वाटणीच दिसते. पहिला पट्टा गेल्या जूनमध्ये आला. आत चिठ्ठी होती, ‘ताई, मी शिवलाय. कोणाच्या तरी वापरात राहू दे. घरी बोलू नकोस.’ मला वाटलं, भावाला इतक्या वर्षांनी बहीण आठवली. मग टाके बघितले. डावीकडे झुकलेले, त्याचेच. पण चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये करंगळी जाईल एवढं अंतर होतं. म्हटलं, घाईत असेल. ऑगस्टच्या पट्ट्यात नववा टाका काठाबाहेर गेला होता. त्याच्या पुढच्यात एका भोकाभोवती सुई टोचल्याच्या पाच खुणा होत्या. डावऱ्या असा शिवत नाही. डोळे बांधून बसवला तरी असा शिवणार नाही.

त्या टाक्यांवर मी कोणाला चढू दिलं नसतं. म्हणून प्रत्येक वेळी त्याचे बाराही उसवले आणि माझे घातले. तू ओळखलेस ते हेच. त्याला मात्र ‘छान झालाय’ एवढंच कळवत राहिले.

उसवलेले दोरे टाकले नाहीत. मेणाचा दोरा एकदा वाकला की तो वाक धरून ठेवतो. सहा पाकिटांत सहा दोरे आहेत, वर महिना लिहिलाय. टेबलावर ओळीने मांड आणि पहिल्यापासून सहाव्यापर्यंत बघत ये. तुझ्या पानावर मशीनच्या तेलापर्यंत सगळं आहे. माझ्या भावाच्या हाताला काय होतंय ते कुठल्या रकान्यात आहे? त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवतेस, एका घरात राहतेस, आणि तुला दिसलं नाही? मला शेकडो मैलांवरून दिसलं. फोनवरून मान वर केली असतीस तर तुलाही दिसलं असतं. याबद्दल मी तुला कधीच माफ करणार नाही.

सातवा फेब्रुवारीत आला. तो मी कोणाला दिलेला नाही आणि कापणारही नाही. टाके मोजले. आठच आहेत. कपाटात ठेवलाय, तो तिथेच राहील. काय करायचं ते कर.

ताई

२१ एप्रिल

वन्सं,

दोरे ओळीने मांडले. सहाव्यापर्यंत आले आणि काचेच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

मला दिसलं होतं. तुमच्या आधी दिसलं होतं. गेल्या वर्षी मार्चमध्ये त्यांना शर्टाचं बटण लावायला वेळ लागू लागला. मग चहाची बशी वाजायला लागली. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या लिहून दिल्या, आणि हे वाढत जाणार हेही सांगितलं. जिना उतरताना त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. कोणाला सांगायचं नाही, आणि तुम्हाला तर मुळीच नाही. म्हणाले, “ताईला कळलं तर ती माझे टाके उसवून बघेल.”

म्हणून मूग गिळून बसले. मे महिन्यापासून हातटाके मी घालते. दुपारी सगळे जेवायला गेले की शिवणखोलीचं दार लावते आणि बसते. ऑक्टोबरचा पट्टा माझा आहे. सातवा ढिला पडतो हे मला माहीत आहे, तिथपर्यंत माझा अंगठा दमतो. पानावर त्यांचं नाव ठेवलं ते कारागिरांना कळू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे त्यांच्यासाठीच ठेवलं. रोज संध्याकाळी ते फोन घेऊन बसतात, तयार झालेली पानं एकेक करून उघडतात आणि आपलं नाव वाचतात. मी ते बघते आणि काहीतरी काम काढून आत जाते.

मला वाटलं होतं, एवढ्याने त्यांचं भागेल. भागत नव्हतं. मी बाहेर गेले की डब्यातली सुई काढून ते शिवायला बसायचे, आणि त्यांच्या हातचं कोणाच्या तरी अंगावर राहावं म्हणून तुमच्याकडे पाठवायचे. हे मला तुमच्या पत्रातून कळावं याचा मला तुमच्याइतकाच राग आला आहे.

तर खोटी पानं सातच नाहीत. एकशे चाळीस आहेत आणि ती मी लिहिली आहेत. तुम्हाला नकली म्हणून तीन पत्रं लिहिली तेव्हाही मी रोज दुपारी तेच करत होते. वकिलाला नोटीस नको म्हणून कळवलं. कंपन्यांना उद्या पत्रं जातील. एकशे चाळीस पट्टे परत मागवते आहे. त्यांचे टाके नव्याने पडतील, आणि ‘कोणी शिवला’ या रकान्यात शिवणाऱ्याचंच नाव लागेल. जुळ्या नंबरांची सात पानं बंद करून इथल्या सात पट्ट्यांना नवे नंबर देते. एवढं सगळं सांगितल्यावर लोक आपल्याकडून माल घेतील की नाही, मला माहीत नाही. काल ह्यांना हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आता मी पानावर काय वाचू?”

तुम्हाला मी माफ केलेलं नाही. जूनमध्ये तुम्ही एक ओळ लिहिली असती तर माणसं खोटं पान वाचून वर गेली नसती. तुम्ही म्हणाल, तू तरी कुठे लिहिलीस. खरं आहे, पण माझा राग मी ठेवणार.

सातव्या पट्ट्यातली चिप तेवढी काढून पाठवा. पट्टा तुमच्याकडे ठेवा, कोणी चुकून अंगात घालणार नाही अशा जागी. सोबत परवान्याचा फॉर्म पुन्हा पाठवते, यात रिळं गुंडाळू नका. एकशे चाळीस पट्टे माझ्या एकटीच्या अंगठ्याने होणार नाहीत.

वहिनी

२ मे

वहिनी,

या वेळी सही मी स्वतः केली.

चिप कागदात गुंडाळून पाठवली आहे. फॉर्म भरलाय. अनुभवासाठी तू दोन ओळी ठेवल्या आहेस, मी मागच्या पानावर लिहिलंय. दुकानाची किल्ली चावीवाल्याकडे देऊन दहा तारखेला निघते.

शिवणखोलीतल्या खिडकीजवळचं स्टूल माझं आहे. त्यावर तू बसत असशील तर दुसरं बघ. सातव्या टाक्याला तुझा अंगठा दमत नाही, तू दोरा चुकीच्या बोटावरून घेतेस. सोळा वर्षांपूर्वीही हेच सांगितलं होतं. मी तुझ्याशी गोड बोलायला येत नाही, तुझीही तशी अपेक्षा नसेल. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तुझाही नाही आणि माझाही नाही.

मेणाचा गोळा त्याला परत दे. एकशे चाळीस पट्ट्यांना दोरा पुष्कळ लागेल, आणि दोऱ्याला मेण लावायला कापरा हात चालतो. मशीनच्या तेलासाठी तुझ्या पानावर रकाना आहे, तर ‘मेण कोणी लावलं’ याचाही एक कर. संध्याकाळी त्याला तो वाचू दे.

पहिल्या सहांचं त्याला काही सांगू नकोस. विचारलंच तर एवढं सांग, की सातवा ताईने उसवलेला नाही.

ताई